आत्मकथनांतले कॉलेज

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे जे विपुल टीकालेखन झाले आहे त्यात काही विशेषणे पुन्हा पुन्हा भेटतात. दाहक, जळजळीत, अंगावर येणारे, काळीज पिळवटून टाकणारे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा या विशेषणांना काही अर्थ होता. पांढरपेशा मराठी वाचकाला ते जग अपरिचित होते, आणि आपल्याला हादरा बसला असे त्याने सांगणे हा निदान प्रामाणिकपणा होता. परंतु हादरा बसल्याचे सांगणे आणि पुस्तक वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पुढे तीच विशेषणे प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'ला, लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला, शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ला लागत गेली, आणि अशी पाळी आली की नुसते परीक्षण वाचून ते कोणत्या पुस्तकाचे आहे हे ओळखू येऊ नये. लेखकालेखकांतले वेगळेपण वेदनेच्या एकाच रांजणात बुडून गेले.

या रांजणातून आपण बाहेर काढतो ते बहुधा बालपण. भूक, महारवाडा, मेलेल्या ढोराचे मांस, पाण्यासाठी ताटकळणे, शाळेत दाराशी बसणे. याचे कारण उघड आहे. हे सारे गावात घडते, आणि आपला टीकाकार गावात राहत नाही. गावाची निर्भर्त्सना करताना त्याला पदरचे काही मोजावे लागत नाही. पाटलावर, सावकारावर, देवळाच्या पुजाऱ्यावर तो मनसोक्त रागावू शकतो. पण यांतली कित्येक पुस्तके पुढे तालुक्याच्या वसतिगृहात, कॉलेजात, मुलाखतीच्या खोलीत शिरतात, आणि तिथे टीकाकाराची लेखणी एकाएकी मितभाषी होते. मराठीतला टीकाकार बहुतेक वेळा प्राध्यापक असतो. ते त्याचे स्वतःचे घर आहे.

शिक्षण हा या पुस्तकांचा कणा आहे हे सर्वांनाच मान्य आहे. मात्र आपण त्याची शिडी करून ठेवली आहे. खाली अंधारलेले गाव, वर उजेडातले विद्यापीठ, आणि पायरीपायरीने चढत जाणारा मुलगा. अशी मांडणी केली की विद्यापीठाला काही विचारण्याचे कारण उरत नाही. तिथे पोचणे हाच कथेचा सुखान्त ठरतो. लेखकांनी मात्र तसे लिहिलेले नाही. वरच्या पायरीवर काय घडते याचा तपशील त्यांनी दिला आहे, आणि तो गावातल्या तपशिलापेक्षा अधिक बारीक आहे, कारण गावात जे उघडपणे होते ते इथे आडून होते.

माझ्या मते या दृष्टीने मराठीतला सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणजे कुमुद पावडे यांनी आपल्या संस्कृत शिकण्याविषयी लिहिलेला लेख. तो 'अंतःस्फोट' या १९८१ च्या पुस्तकात आहे. त्याचा उल्लेख होतो पुष्कळ, पण तो होतो 'दलित स्त्रीने संस्कृतसारखा विषय घेऊन केवढी मजल मारली' अशा थाटात. गंमत अशी की लेखाची सुरुवातच या थाटाच्या विरोधात आहे. कोणत्याही सभेत आपली ओळख करून देताना वक्ता संस्कृतचा उल्लेख करतो आणि कौतुकाने फुलून जातो, तेव्हा आपल्याला अवघडल्यासारखे होते, हे पावडे अगदी आरंभी सांगून टाकतात. ब्राह्मण घरातल्या मुलीने संस्कृतात एम.ए. केले तर त्याचा कोणी सोहळा करीत नाही. इथे सोहळा होतो, कारण हिच्या हाती ही वस्तू असणे अपेक्षित नव्हते. अशा कौतुकात अपमान कुठे दडलेला असतो हे त्यांना नेमके कळले आहे. आणि त्यांच्या टीकाकारांनी काय केले, तर पुन्हा तेच कौतुक.

लेखात दोन शिक्षक आहेत. पहिले शाळेतले गोखले गुरुजी. पोशाख, आचार, सारे जुन्या वळणाचे. हा गृहस्थ महाराच्या मुलीला संस्कृत शिकवणार नाही अशी आजूबाजूच्यांची खात्री, आणि मुलीच्या मनातही धास्ती. गुरुजींनी शिकवले. हातचे न राखता, भेद न करता शिकवले. दुसरे शिक्षक नागपूरच्या कॉलेजातले, एम.ए.च्या वर्गाचे विभागप्रमुख. देशभर नाव असलेले विद्वान. या मुलीने संस्कृत शिकावे हे त्यांना रुचत नव्हते आणि ते त्यांनी लपवलेही नाही. लेखिका या दोघांना समोरासमोर उभे करते. सनातनी दिसणाऱ्या माणसाकडून न्याय मिळाला आणि आधुनिक विद्यापीठातल्या पंडिताकडून तो मिळाला नाही, याचे तिला वाटलेले आश्चर्य लेखभर जाणवत राहते.

इथे एक सोपा अर्थ काढण्याचा मोह होतो: माणसे चांगली किंवा वाईट असतात, पद्धतीने काही होत नाही. मला हा अर्थ अपुरा वाटतो. गुरुजींच्या आणि विभागप्रमुखांच्या हाती एकच सत्ता होती. तिला आपण मराठीत 'मर्जी' म्हणतो. कोणाला किती शिकवावे, कोणाच्या शंकेला थांबून उत्तर द्यावे, कोणाकडे पाहून भुवई उंचावावी, कोणाच्या अर्जावर चार बरे शब्द लिहावेत, हे सारे मर्जीचे प्रांत. गुरुजींची मर्जी झाली म्हणून ती शिकली. ती न होती, तर जाब विचारायला कोणतीही जागा नव्हती. चांगला शिक्षक मिळणे हे भाग्य असावे हे आपण सगळेच मान्य करतो. पण आपल्याला शिकवले जाणे हेसुद्धा ज्यांच्या बाबतीत भाग्याधीन असते, त्यांची कथा हा लेख सांगतो. शिकवण्यातून मर्जी काढून टाकता येणार नाही हेही खरे. जिव्हाळा, आवड, एखाद्या विद्यार्थ्यावर जडलेला लोभ यांवाचून विद्या पुढे जात नाही. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे, आणि नुसत्या सज्जनपणाच्या उपदेशाने सुटणारा नाही.

लेखाचा उत्तरार्ध नोकरीचा आहे. पदवी हातात आहे, गुण आहेत, कॉलेजात शिकवायची इच्छा आहे, आणि नोकरी मिळत नाही. मुलाखतीला गेले की तज्ज्ञांच्या चेहऱ्यावर दाबलेले हसू. आता हेही लोक संस्कृत शिकवणार, अशा अर्थाचे शेरे. आणि सवलती घेणाऱ्यांना सरकारी ब्राह्मण म्हणून हिणवणे. मग त्या आंतरजातीय विवाह करतात. कुमुद सोमकुवरची कुमुद पावडे होते, आडनाव बदलते, आणि नोकरी मिळते. या योगायोगावर लेखिका ज्या शांतपणे बोट ठेवते त्याला तोड नाही. संस्कृतची प्राध्यापिका होण्याचे श्रेय ती नव्या आडनावाला देऊन टाकते. जुन्या आडनावाची मुलगी तिच्या हिशेबी अजून बाहेरच उभी आहे. आक्रोश नाही, शिवीगाळ नाही. एखाद्या कारकुनाने जमाखर्च मांडावा तसे मांडले आहे. 'दाहक' हे विशेषण या गद्याला लावणाऱ्याने ते वाचलेले नाही असे मी खुशाल म्हणेन.

आपल्या परीक्षापद्धतीकडे या लेखाच्या उजेडात पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली आणि लेखी परीक्षेचे राज्य सुरू झाले. या परीक्षेची आपण यथेच्छ निंदा करतो. पण उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो, हा तिचा गुण निंदकांच्या ध्यानात राहत नाही. ज्या समाजात आडनाव उच्चारताच जात कळते, तिथे त्या क्रमांकाने किती जणांना तारले असेल! तोंडी परीक्षेत, प्रात्यक्षिकात, प्रबंधाच्या मार्गदर्शनात आणि नेमणुकीच्या मुलाखतीत मात्र माणूस आडनावासकट समोर येतो. 'अंतःस्फोट'मधली लेखिका परीक्षेत अडली नाही. अडली ती मुलाखतीत.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. कॉलेज आणि वसतिगृह हे ज्या कादंबरीचे खरे स्थळ आहे अशी मराठीतली ती पहिली मोठी कृती. पांडुरंग सांगवीकरही पुण्यात उपराच आहे. खानदेशातून आलेला, भाषेने, वागण्याने वेगळा. खाणावळीचे सेक्रेटरीपद, गॅदरिंग, उधळलेले पैसे, या साऱ्यातून त्याचा जो फज्जा उडतो तो मराठी तरुणांच्या पिढ्यांनी आपलासा केला. ते योग्यच होते. पण पांडुरंगला नापास होता येते, हे आपण कधी मोजलेच नाही. त्याच्या मागे सांगवी आहे, बापाची शेती आहे, घर आहे; बापाशी कितीही वैर असले तरी परतायला जागा आहे. म्हणून त्याला कंटाळता येते, आणि त्याच्या कंटाळ्याला तत्त्वज्ञानाची खोली मिळते. आत्मकथनांतला विद्यार्थी कंटाळत नाही. तो नापास झाला तर एकटा होत नाही; त्याच्याबरोबर त्याची सगळी जात नापास झाली असे वर्गात कोणीतरी म्हणणार, हे त्याला ठाऊक असते. नेमाड्यांना हा दोष देता येणार नाही. त्यांनी आपल्या नायकाची कथा लिहिली. टीकेने मात्र या दोन कॉलेजांना एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हवे होते. आपण एकाला अस्तित्ववादाच्या कपाटात ठेवले आणि दुसऱ्याला सामाजिक जाणिवेच्या.

भेदभाव डोळ्यांना दिसतो तेव्हा त्याच्याशी लढणे तुलनेने सोपे असते याचे एक अमेरिकन उदाहरण आहे. जॉर्ज मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय शिक्षकाला १९४८ मध्ये न्यायालयात जाऊन ओक्लाहोमा विद्यापीठात डॉक्टरेटच्या अभ्यासासाठी प्रवेश मिळवावा लागला. विद्यापीठाने प्रवेश दिला आणि त्याला वर्गाला लागून असलेल्या दालनात बसवले. ग्रंथालयात पोटमाळ्यावरचे एक टेबल नेमून दिले. नेहमीच्या वाचनदालनात बसायची बंदी. उपाहारगृहात वेगळ्या वेळी, वेगळ्या टेबलावर जेवण. पुढे वर्गात घेतले, तेव्हा काही काळ त्याच्या जागेभोवती कठडा होता आणि कठड्यावर पाटी. सर्वोच्च न्यायालयाने जून १९५० मध्ये हे सारे एकमताने बेकायदा ठरवले. त्या निकालपत्राचे मला महत्त्व वाटते ते त्यातल्या तपशिलामुळे. टेबल कुठे, खुर्ची कुठे, जेवणाची वेळ कोणती, हे न्यायाधीशांनी नीट पाहिले. आणि इतर विद्यार्थ्यांशी चर्चा करणे, मते ताडून पाहणे हा शिक्षणाचाच भाग आहे, तो तोडला तर शिक्षणच तुटते, असे म्हटले. बंधने उठल्यावर सहाध्यायी त्याला जवळ करतीलच असे नाही, हेही त्यांनी मान्य केले. मात्र माणसांनी दूर राहणे वेगळे आणि शासनाने दूर ठेवणे वेगळे, असा भेद त्यांनी केला.

आपल्याकडे कठडा नव्हता असे नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. परदेशात शिकून आलेले हेच गृहस्थ १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा अध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठावरून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली. विद्यापीठातल्या अस्पृश्यतेवरचे त्यांचे उत्तर संस्था काढण्याचे होते: १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ, १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले कॉलेज. त्या शहरातल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले, आणि तेही जुन्या नावाला जोडून. 'बलुतं' आणि हे जळीत एकाच वर्षातले आहे, हे वाङ्मयाच्या इतिहासकारांनी निदान तळटीपेत तरी नोंदवायला हरकत नव्हती.

घटनेनंतर गोणपाट गेले, माठ गेला. कठडा मर्जीच्या प्रांतात सरकला. दिल्लीच्या 'एम्स' या वैद्यकीय संस्थेतल्या भेदभावाची चौकशी करण्यासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली २००६ मध्ये समिती नेमली गेली. तिच्यापुढे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी ज्या तक्रारी मांडल्या त्या कोणालाही 'अंतःस्फोट'ची आठवण करून देतील: तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांतले गुण, शिक्षकांचे तुटक वागणे, वसतिगृहात विशिष्ट मजल्यांवर एकवटत जाणे. म्हणजे एका बाईने १९८१ मध्ये जे लिहून ठेवले होते ते सव्वीस वर्षांनी अहवालात आले. मधल्या काळात आम्ही त्या लेखाच्या शैलीवर बोलत होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समानतेविषयीचे विनियम काढले. सरकारी भाषेची चेष्टा करणे हा आमचा आवडता छंद, पण हा मजकूर एकदा साहित्य म्हणून वाचावा. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करू नये, प्रयोगशाळेत त्याला हात बांधून उभे ठेवू नये, वाचनालयात जातीनुसार जागा नेमू नयेत, वसतिगृहात आणि खाणावळीत वेगळे पाडू नये. ज्या कोणी ही यादी केली त्याने कोणाचे तरी ऐकून घेतले होते. ओक्लाहोमाच्या पोटमाळ्यावरचे टेबल इथे पुन्हा भेटते. या विनियमांची दुबळी बाजू वेगळीच आहे: तक्रार ऐकणारा अधिकारी संस्थेतलाच प्राध्यापक. ज्याच्या सहीवाचून प्रबंध पुढे सरकत नाही त्याच्याविरुद्ध त्याच्याच सहकाऱ्याकडे जायचे, तर किती विद्यार्थी जातील?

चुनी कोटाल गेली होती. मेदिनीपूरच्या लोधा-शबर जमातीतली ती पहिली स्त्री पदवीधर. इंग्रजांनी ही जमात जन्मजात गुन्हेगारांच्या यादीत घातली होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचलेल्या मराठी वाचकाला तो शिक्का समजावून सांगायला नको. चुनी विद्यासागर विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत होती. जमातींचा अभ्यास हाच ज्या शास्त्राचा विषय, त्या शास्त्राच्या वर्गात ती बाकावर बसली, आणि हिला इथे बसण्याचा काय अधिकार असे एका अध्यापकाकडून तिला पुन्हा पुन्हा ऐकावे लागले. दोन वर्षे वाया गेली. तिने तक्रार केली, १९९१ मध्ये चौकशी समिती बसली, निष्पन्न काही झाले नाही. १६ ऑगस्ट १९९२ रोजी तिने आत्महत्या केली. महाश्वेतादेवींनी तिच्याविषयी लिहिले म्हणून बंगालबाहेर तिचे नाव पोचले. संस्कृतच्या विभागप्रमुखांना वाटत होते की हा विषय या मुलीचा नाही. मेदिनीपुरात विषय तिचाच होता. पण अभ्यासाची वस्तू म्हणून. वस्तू बोलू लागली हे सहन झाले नाही.

पुढची नावे वाचकांना ठाऊक आहेत. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला. मे २०१९ मध्ये मुंबईत, स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी जळगावकडची तडवी भिल्ल डॉक्टर पायल तडवी, जिच्या मृत्यूनंतर वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर खटला भरला गेला. या दोघांच्या आयांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला तो २०१२ च्या विनियमांची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून. त्यातून जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम आले. त्यांच्या व्याख्येवरून गदारोळ उठला, आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. विरोध करणाऱ्यांचे एक म्हणणे मी हलके मानत नाही. खोटी तक्रार होऊ शकते, आणि शिक्षकाचे नाव एकदा गेले की परत येत नाही. पण त्यावर उपाय तक्रारीची वाट अरुंद करणे हा नव्हे. तोंडी परीक्षेला बाहेरचा दुसरा परीक्षक बसवावा, दिलेल्या गुणांची कारणे दोन ओळींत लिहून ठेवावीत, मार्गदर्शक बदलून मागण्याची सोय असावी, तक्रार विभागाबाहेरच्यांनी आणि ठरल्या मुदतीत ऐकावी. असे लेखी कागद असले की खरी तक्रार सिद्ध होते आणि खोटी उघडी पडते. निष्पक्ष शिक्षकाला या कागदांचे भय वाटण्याचे कारण नाही. गोखले गुरुजींना ते वाटले नसते.

'अंतःस्फोट'मधला आणखी एक तपशील नोंदवण्यासारखा आहे. ज्यांनी शिकवले त्या गुरुजींचे नाव लेखिका देते. ज्यांनी दुखवले त्या विभागप्रमुखांचे देत नाही. तक्रारअर्जात असे चालत नाही. तिथे नाव, तारीख, साक्षीदार लागतात. लेखिकेला बहुधा त्या एका गृहस्थाला शिक्षा करायचीच नव्हती. ते पद, ती खुर्ची, ती भुवई कशी काम करते हे तिला दाखवायचे होते, आणि नाव वगळल्यामुळेच ते स्वच्छ दिसते. मग या लेखनाला वेदना का म्हणायचे? ही साक्ष आहे, आणि साक्षीला दाद द्यायची नसते; ती तपासायची असते.

तपासायची तर दुसऱ्या बाजूचे कागद हवेत. मराठीत प्राध्यापकांनी आणि विभागप्रमुखांनी लिहिलेल्या आठवणींना तोटा नाही. गुरूंची व्यक्तिचित्रे, लाडके विद्यार्थी, कॉलेजातल्या इमारती, नाटके, सहली, अभ्यासमंडळांतली भांडणे, सगळे त्यांत आहे. माझ्या वाचनात आलेल्या अशा पुस्तकांत तिसऱ्या बाकावरची, संस्कृत घेतलेली आणि कोणाला नको असलेली विद्यार्थिनी कुठेही नाही. तिने त्यांच्याविषयी लिहिले आहे. तिच्याविषयी त्यांच्यापैकी कोणी काही लिहिलेले निदान मला तरी आढळलेले नाही.